सुकतीची वाट

परवा कंपनीच्या कामानं शहागडच्या शिवारात गेले होते. कपाशीच्या बियाण्यांचे प्लॉट बघायचे होते, ते काम दुपारीच आटपलं. मुक्काम अक्काकडं, घनसावंगीच्या बाजूला. तिकडची जीप भरायला अजून वेळ होता, म्हणून चालत गंगेवर गेले. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस एक तर सरकारी असतो, नाहीतर नवखा. आमची ती गंगाच.

बंधाऱ्यानं तटवलेलं पाणी उभं होतं. हिरवट, जाड, हलतंय की नाही कळू नये असं. महामार्गाच्या पुलावरून ट्रक जात होते आणि त्यांची घरघर पाण्यावरून लांबून येत होती. वाळू कुठंच दिसेना. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात इथं पाणी शोधावं लागायचं. आता वाळू शोधावी लागते. काठाला एक काळा खडक अर्धा पाण्यात बुडालेला होता, त्याच्यावर टेकले. ओल्या दगडाला हात लावला, तर नाकात वास आला तो समुद्राचा. इथं, समुद्रापासून इतक्या लांब, खारट, शेवाळी, थोडासा कुजका. खरं तर तो वास तिथं नव्हताच. माझ्याच हातानं तो मागच्या हिवाळ्यातून उचलून आणला होता.

गंमत अशी की मागच्या हिवाळ्यात समुद्रावर उभी असताना मला सारखी ही गंगा आठवत होती.

तेव्हाची गंगा वेगळी. चैत्र लागला की पात्र उघडं पडायचं. एवढी वाळू, की दुपारी पल्याडचा बीड जिल्हा तिच्या वाफेत थरथरताना दिसायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, वाळूत चर खणून त्यात शेणखत भरायचे आणि टरबूज-खरबुजाची वाडी करायचे. वाडीच्या मधोमध तुराट्या-पाचटाची कोपी. तिच्यात शिरलं की खरबुजाचा गोड, अंगावर येणारा वास आणि खाली गार वाळू. तहान लागली की हातानं वाळू उकरायची. कोपरापर्यंत हात गेला की बोटांना ओल लागायची, मग खड्ड्यात पाणी झिरपून यायचं. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. खरबुजाच्या पानाचा द्रोण करून ते प्यायचं. त्या पाण्याला वाळूचीच एक चव होती. तशी चव मी नंतर कुठल्याच पाण्यात बघितली नाही.

लग्न झालेलं जोडपं गावात आलं की बाया वाजतगाजत गंगा पुजायला यायच्या. खण, नारळ, कणकेचे दिवे. बाकीच्या पोरी खोबऱ्याच्या तुकड्यासाठी थांबायच्या. अक्का थांबायची नाही. दिवे धारेला लागले की ती माझं मनगट धरायची आणि काठाकाठानं पळत सुटायची, कुठला दिवा कुठवर जातो ते बघायला. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. दिवे पुढं खडकाच्या वळणावर दिसेनासे व्हायचे. अक्का तिथं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची की त्या वळणाच्या पलीकडं काय हाय ते एकदा बघितलंच पाहिजे. मला तिच्या परकराचं टोक दिसायचं, तिच्या दोन वेण्या दिसायच्या. वळणाच्या पलीकडं काय आहे याची मला काही पडलेली नव्हती. अक्का जाईल तिकडं मी जाणार, एवढंच मला माहीत होतं.

मग ती कुणाची सून झाली, आई झाली, सासू झाली. मी शिकले, जालन्याला एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवतं ते बघायचं, असं माझं काम. आई गेली त्यानंतर कधीतरी आमच्यात अबोला आला. तो का आला ते सांगत बसत नाही. अशा गोष्टींची कारणं सांगायला गेलं की ती फार लहान वाटतात आणि अबोला मात्र वर्षानुवर्षं मोठा होत जातो. लग्नकार्यात समोरासमोर आलो की हळदीकुंकू लावायचो, ओटी भरायचो, पदर सावरून बाजूला व्हायचो.

मागच्या हिवाळ्यात मला कंपनीनं प्रशिक्षणासाठी दापोलीला पाठवलं होतं. ते संपल्यावर शनिवार-रविवार मोकळा होता. शुक्रवारच्या आधी एक-दोन दिवस अक्काचा फोन आला. कुणाकडून तरी तिला कळलं असावं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"तू समुद्राकडं गेलीस म्हणं," ती म्हणाली. "मी येऊन राह्यले."

मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला. मला वाटलं, येतेय कसली. अक्कानं कधी घाट उतरलेला नव्हता. अंबडच्या पलीकडं ती एकटी गेल्याचं मला आठवत नव्हतं. तरी शुक्रवारी दुपारी दापोलीच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले, तर पुण्याची एस.टी. लागली आणि तिच्यातून अक्का उतरली. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर आणि साडीखाली मुलाचे जुने खेळायचे बूट. मी बुटांकडं बघितलं ते तिनं बघितलं.

दापोलीपासून तासाभरावर, समुद्राच्या कडेला एका लहानशा वाडीत आम्ही उतरलो. घर एका काकूंचं होतं. त्या पाहुण्यांना खोली देत आणि जेवू घालत. ऐन पौषात त्या घराभोवती सगळं ओलसर, हिरवं. नारळाच्या झावळ्यांचा सळसळता आवाज, खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांचा तुरट वास, मागीलदारी केवड्याचं काटेरी बन. जेवताना काकूंनी गुलाबी सोलकढी वाढली. अक्का वाटीत वाकून बराच वेळ बघत राहिली, मग एक घोट घेतला आणि पुन्हा वाटी पुढं केली.

पण माझ्याशी बोलायला ती तयार नव्हती. जे सांगायचं ते काकूंना सांगायची. "ह्यांना भात कमी लागतो." "ह्यांना म्हणावं, खोलीत डास हायेत, खिडकी लावून घ्या." सख्ख्या बहिणीला ती अहो-जाहो करत होती. मीही काकूंनाच उत्तरं देत होते. काकू बिचाऱ्या एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत वाढत राहिल्या.

दिवेलागणीला ओटीवर बसलो होतो तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला. लाटांचा आवाज वेगळा. हा त्याच्या मागून येत होता. आधी खोल, दबका धप्प, आणि मग कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा लांब हुस्स. थोडं थांबून पुन्हा. उजव्या हाताला एक काळा कडा समुद्रात घुसला होता, त्याच्या पाठीमागून.

अक्का उठून उभी राहिली. काकूंना विचारलं, हे काय वाजतंय. काकू म्हणाल्या की कड्यामागं खडकात एक घळ आहे, तिच्यात पाणी शिरलं की आवाज होतो. खडकाला चिकटलेले खायचे शिंपले, कालवं, काढायला माणसं जातात तिकडं. पण सुकतीला, म्हणजे ओहोटी लागून खडक उघडे पडले की.

"म्हणजे पायी जाता येतं," अक्का म्हणाली.

"येतं की. सकाळी जा. पण भरती लागायच्या आत पाठी फिरा हो."

सकाळी मला जाग आली तर अक्का बूट घालून, साडी वर खोचून ओटीवर बसलेली. पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मी तोंड धुऊन येईपर्यंत ती केवड्याच्या बनापर्यंत पोचलीसुद्धा होती. लहानपणासारखी तिच्या मागं निघाले.

समुद्र लांब मागं गेला होता. जिथं काल संध्याकाळी पांढरा फेस उसळत होता तिथं काळ्या खडकांचं एक अख्खं रान उघडं पडलं होतं. वेडंवाकडं, भोकाभोकांचं, पाणी गळत असलेलं. आणि ते शांत नव्हतं. नीट कान दिला तर सगळीकडून बारीक कुरकुर ऐकू यायची, तव्यावर काहीतरी तडतडावं तशी. खडकांना चिकटलेले लाखो लहान शंख आणि टोकदार शिंपले उन्हात मिटत होते, त्याचा तो आवाज असेल असं मला वाटलं. दर पावलाला बुटाखाली काहीतरी कचकच मोडायचं. एका खडकावरून दुसऱ्यावर जाताना खेकडे आमच्याआधी निम्मे फटीत शिरायचे आणि निम्मे बाहेर राहून बघायचे.

अक्का प्रत्येक खळग्यापाशी थांबत होती. एका खळग्यात पाणी इतकं स्वच्छ होतं की आधी रिकामाच वाटला. मग तळाशी बोटाएवढे मासे हलले. त्यांच्या शेजारी दगडाला चिकटलेलं एक तपकिरी फूल, बारीक बारीक पाकळ्या लाटेवर हलाव्यात तशा हलणाऱ्या. अक्कानं बोट बुडवून त्याच्या मधोमध ठेवलं. पाकळ्या चटकन मिटल्या, बोटाला धरून. तिनं बोट ओढलं नाही. किती तरी वेळ तशीच वाकून राहिली.

"फूल म्हणावं का तोंड?" ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, पण काकू तिथं नव्हत्या. म्हणजे मलाच विचारलं होतं. मी म्हणाले की तोंड असावं. त्या दिवसाचं आमचं पहिलं बोलणं ते.

पुढं एका कपारीत दगडाच्या पोटात पांढरे स्फटिक चमकत होते, साखरेचे खडे भरून ठेवावेत तसे. अक्का बघतच राहिली. तिनं हात फिरवला, वास घेतला, मागं वळून सगळ्या कड्यावरून नजर फिरवली. आमच्या मळ्यात विहीर खणली तेव्हा सुरुंगाच्या प्रत्येक बारानंतर असेच पांढरे खडे असलेला काळा दगड वर यायचा. ते खडे आम्ही परकराच्या ओच्यात भरून ठेवायचो. "आपल्या विहिरीचाच दगड हाय हा, बराबर तोच," ती म्हणाली. मला शाळेतला भूगोल आठवला, पण मी तो काढला नाही. माहेरापासून इतक्या लांब येऊन पायाखाली आपलाच दगड निघावा, याचा आनंद भूगोलापेक्षा मोठा होता. त्यानंतर अक्का त्या खडकांवरून अशी चालायला लागली जशी घरच्या बांधावरून चालावं.

कड्याला वळसा घातला आणि वाडी दिसेनाशी झाली. आता एका हाताला सरळ उभा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. मधे खडकांची चिंचोळी पट्टी. कड्याच्या फटीतून पाणी पाझरत होतं आणि त्या ओलीवर नेच्याची हिरवी पानं लोंबत होती. आवाज जवळ आला. आता तो कानांआधी पायांना कळत होता. धप्प झालं की तळव्यात हादरा यायचा. आणखी एक टोक ओलांडलं की दिसेल, असं वाटायचं, आणि ते टोक ओलांडलं की पुढं आणखी एक. मी दोनदा म्हणाले की फिरू या. अक्का हो म्हणायची आणि पुढचं पाऊल टाकायची. धपाटे एका सपाट खडकावर बसून खाल्ले. समोर दोन कोळ्यांच्या होड्या दिसत होत्या, त्यांच्यावर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. उन्हानं खडक कोमट झाले होते. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात कसलीही घाई नव्हती.

घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आत जायची वाट पाण्यात होती. मघाशी कदाचित नसेल, आता होती. अक्का वाकून आत बघत होती आणि मी सहज मागं बघितलं. ज्या सपाट खडकावर बसून आम्ही जेवलो होतो तो दिसेना. तिथं पाणी होतं. लाट आली, वर चढली, मागं गेली, आणि मागं जाताना खडक मोकळा करून गेली नाही.

आम्ही जमेल तितक्या जल्दी मागं आलो. पहिल्याच टोकापाशी पट्टी पूर्ण बुडाली होती. लाटा सरळ कड्यावर आपटत होत्या आणि फेस आमच्या डोक्याएवढा उडत होता. फोनला रेंज नव्हती. कड्याला माणसाच्या उंचीवर एक कोरडी पायरी होती, तिच्यावर मी अक्काला चढवलं, मग अक्कानं मला ओढून घेतलं. पाठ कड्याला लावून दोघी बसलो. खाली पाणी येऊन जाऊन होतं, आणि दर वेळी थोडं वर.

मला तेव्हा गंगेतला तो दिवस आठवला. आठवला असं म्हणणं बरोबर नाही, तो त्या पाण्याबरोबरच वर चढत आला.

मी सात-आठ वर्षांची असेन. अक्का मला पात्राच्या पार मधल्या खडकांवर घेऊन गेली होती. तिथल्या रांजणासारख्या खळग्यांत अडकलेले मासे दाखवायला. आभाळ निरभ्र, ऊन रणरणतं. येताना जी धार घोट्यापर्यंत होती तिच्यावरून फेस वाहत यायला लागला, मग काटक्या, मग पाचट. वर पैठणच्या धरणातून पाणी सोडलं होतं, ते आम्हाला कुठून माहीत असणार. अक्कानं एकदा फेसाकडं बघितलं आणि काही न बोलता मला खांद्यावर घेतलं. ती धारेत उतरली. पाणी तिच्या कमरेला, मग छातीला, मग माझे पाय बुडाले. मी तिच्या दोन्ही वेण्या लगामासारख्या धरल्या होत्या. मला भीती वाटली नाही. उलट उंचावरून गंगा कशी दिसते ते मी मजेत बघत होते. अक्काला पोहता येतं, मग काय व्हायचंय, असं माझ्या मनात पक्कं होतं. अलीकडच्या काठाला लागलो तेव्हा तिचे दात वाजत होते, ते मला पाण्याच्या गारव्यानं वाटलं. घरी ओले कपडे लपले नाहीत. त्यानंतर अक्काला गंगेवर जायची बंदी झाली. पुढच्या उन्हाळ्यात वाडीवर मी एकटी जायची, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं.

पायरीवर बसल्या बसल्या मी तिला म्हणाले, "पाणी वर आलं तर तू पोहून तरी जाशील. मला येत नाही."

अक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. "मला कुठं येतं पोहायला?"

मी म्हणाले की मग गंगेतून मला आणलं तेव्हा कसं आणलं होतं.

"तवाबी येत न्हवतं."

खाली लाट आपटली आणि तिचे शिंतोडे आमच्या पायांवर पडले. अक्का साडीचा ओला पदर पिळत होती.

"तू वर बसून बडबड करून राह्यल्ती," ती म्हणाली. "बगळा दिसतोय, होडी दिसतीय. मी म्हणलं, हिला तर काईच कळलं न्हाई. मंग आपुनच कशाला भ्यावं."

इतकी वर्षं मी ज्या एका गोष्टीच्या जोरावर निवांत होते ती कधी नव्हतीच. तिच्या खांद्यावरून दिसलेली ती रुंद, चमकती गंगा माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. त्या वेळी खाली अक्काला तळ लागत होता की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला एकदम तिचा हात धरावासा वाटला. पण इतक्या वर्षांचा अबोला मधे होता, आणि हात धरायला काही निमित्त लागतं.

निमित्त अक्कानंच काढलं. ती उठून उभी राहिली, कड्याकडं तोंड केलं आणि वर बघायला लागली. काळा दगड थोड्या उंचीवर संपत होता, त्याच्यावर तांबडा जांभा आणि करवंदीच्या जाळ्या. फटीतून पावसाचं पाणी उतरायची एक घसरंडी होती, तिच्यात मुळं लोंबत होती. तिनं एक मूळ ओढून बघितलं, दुसरं बघितलं. मग बुटाचं टोक कपारीत रोवून ती चढली. थोडं वर जाऊन, पोटावर वाकून तिनं खाली हात सोडला.

"बारके," ती म्हणाली, "हात दे."

बारकी म्हणजे मी. अण्णा, आई आणि अक्का, एवढीच माणसं मला त्या नावानं हाक मारायची. दोघं गेली होती आणि तिसरीनं किती तरी वर्षांत मारली नव्हती. मी हात दिला. तिचा तळवा खरखरीत होता, खुरप्याच्या घट्ट्यांचा, आणि पकड अशी की माझं मनगट दुखलं. त्या चढणीचं मला फार आठवत नाही. मुळांचा ओला मातकट वास, करवंदीच्या काट्यांनी फाटलेली बाही, एकदा निसटलेला दगड आणि तो खाली पाण्यात पडल्याचा फार उशिरा आलेला आवाज. आणि वरून सारखं, "ये, बारके. इथं पाय ठेव. आता इथं."

वर सडा होता, जांभ्याचं उघडं माळरान. गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत, एका बाजूनं झोडपणारा वारा, कडेला काजूची थोडी झाडं. आम्ही गवतात उताण्या पडलो. अक्काची साडी गुडघ्यापाशी उभी फाटली होती आणि पोटऱ्यांवर रक्ताच्या बारीक रेघा होत्या. दम खाऊन झाल्यावर ती उठली ती थेट कड्याच्या टोकाशी गेली, ओणवी होऊन खाली बघायला. मी पाठीमागून तिची साडी धरून ठेवली. बरोबर आमच्या खाली ती घळ होती. धप्प झालं की घळीच्या डोक्यावरच्या एका भोकातून पाण्याचा तुषार वर यायचा, उन्हात क्षणभर रंगायचा आणि वाऱ्यावर विरायचा. मग तो लांब हुस्स. अक्कानं एकामागून एक अशा कित्येक लाटा बघितल्या. आपण केवढ्या संकटातून आलो, याचं तिच्या तोंडावर काही नव्हतं. तिचं मध्येच राहिलेलं काम होतं आणि ते ती करत होती.

संध्याकाळी काकू रागावल्या, पण हळू आवाजात. खोबरेल तेलात हळद कालवून त्यांनी आमच्या पायांना लावली. जेवताना अक्का म्हणाली की बारकीला भात कमी वाढा. काकूंनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मी नको म्हणेन असं अक्काला वाटलं होतं, पण मला आत काय आहे ते बघायचंच होतं. लहानपणी वळणाच्या पलीकडं जायची हौस फक्त तिची होती. त्या सकाळी ती मलाही लागली होती. या वेळी काकूंना नीट विचारून, पाणी मागं सरतानाच निघालो आणि वाटेत कुठं रेंगाळलो नाही. घळीच्या तोंडाशी वाट उघडी होती. आत वाकून शिरावं लागलं. पुढं मात्र ती देवळाच्या गाभाऱ्याएवढी मोकळी झाली. अंधार नव्हता, वरच्या भोकातून उजेडाचा एक तिरका खांब आत उतरला होता. जमिनीवर वाळू नव्हती, फुटक्या शिंपल्यांचा पांढरा, गुलाबी, जांभळा चुरा होता, घोट्यापर्यंत. पाऊल टाकलं की बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज यायचा. छतावरून थेंब पडत होते. भिंतींना हात लावला तर त्या गुळगुळीत, कुणी वर्षानुवर्षं पाठ घासावी अशा. समुद्र बाहेर होता आणि तरी तो आतमध्येच बसलाय असं वाटत होतं. आम्ही दोघी त्या चुऱ्यावर मांडी घालून बसलो. काही बोललो नाही, पण तो अबोला नव्हता.

दुपारची एस.टी. होती. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. पिशव्या घेऊन फाट्यावर आलो, गाडी आली, मी चढले, खिडकीजवळ जागा धरली. अक्का खालीच उभी. मला वाटलं, पिशवी सावरतेय. ती खिडकीपाशी आली.

"तू जाय," ती म्हणाली. "मी उद्या येते."

मी काही विचारायच्या आत कंडक्टरनं घंटी दिली. वळणावरून मागं बघितलं तेव्हा ती काकूंच्या घराकडं न जाता सरळ समुद्राकडं निघालेली दिसली. पिशवी काखेत, साडी वर खोचलेली, मुलाच्या बुटांत.

मंगळवारी ती घरी पोचली, सुखरूप. तिच्या घरच्यांनी मला फोन करून विचारलं होतं. मी सांगितलं होतं की अक्का समुद्रावर आहे, आणि याहून जास्त मलाही माहीत नव्हतं. त्यानंतर आमचं बोलणं रोजच्यासारखं सुरू झालं. उसाची तोड, नातवाचा ताप, माझ्या मुलीची परीक्षा. पण त्या सोमवारबद्दल तिनं कधी काही काढलं नाही. मीही विचारलं नाही. ती कुठं गेली असेल, याचा मी मात्र कितीदा विचार केला. एमआयडीसीत बियांचे ओले कागद उलगडताना मधेच मला तो किनारा दिसायचा आणि त्याच्यावरून लांब चाललेली अक्का, कुठल्या तरी नव्या कड्याच्या दिशेनं.

गंगेवरून उठले, जीप मिळाली, दिवस कलताना अक्काच्या घरी पोचले. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जात होते, अंगणभर पाचटाचा आणि गुळमट धुराचा वास. अक्का ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी शेजारी बसून शेंगा मोडायला लागले. तेवढ्यात सुनेनं आतून हाक मारली, आत्याबाई, विरजण कुठं ठेवलं. अक्का उठली, जाऊन आली. दाजींनी गोठ्यातून हाक मारली. उठली, जाऊन आली. नातू रडत आला, त्याला घेतलं. शेजारची बाई फाटकातून काकू म्हणून ओरडली, तिला पाटा काढून दिला. मुलगा मोटारसायकलवरूनच म्हणाला, आई, चावी. ती पुन्हा येऊन बसली तेव्हा मी विचारलं की त्या सोमवारी तू कुठं गेली होतीस.

अक्काचे हात थांबले.

"कुठंच न्हाई," ती म्हणाली. "घळीच्या अलीकडं एक मोठा खडक हाय बघ, त्याच्यावर बसले होते. पाणी गेलं, पाणी आलं. ऊन्ह फिरलं तशी मी फिरले."

मी विचारलं की दिवसभर काय बघितलं. ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या चेहऱ्यावर त्या खळग्यातल्या फुलात बोट घातल्यावर होतं तसलंच नवल होतं,

"सबंध दिवस मला कुणीबी हाक मारली न्हाई."

आतून पुन्हा सुनेची हाक आली. अक्कानं शेंग मोडली, दोन तुकडे परातीत टाकले, दुसरी शेंग घेतली. लगेच उठली नाही.